पुढच्या चाकावरची रेघ

पिंपळे सौदागर,
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

प्रिय लालभाई,

सयाजीचा सलाम. तुझ्या कार्डाला उत्तर द्यायला अकरा वर्षं लावली, त्याबद्दल आधी माफी मागतो. कार्ड हरवलं नव्हतं. पत्ता माहीत नव्हता असंही नाही, तो कार्डावर तूच लिहिला होतास. मला लिहायला जमत नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. पण चौथी शिकलेल्या माणसाला चार ओळी लिहिता येतात. आता येतायत की.

तू अजून उदगीरला त्याच घरी आहेस का, ते मला माहीत नाही. तू आहेस की नाही, हेही माहीत नाही. हे वाक्य खोडणार होतो, पण खोडलं की कागद घाण दिसतो. म्हणून पत्र रजिस्टर करतोय, पोचपावतीसकट. कौशल्या म्हणाली, "अहो, साधं टाका की, एवढं काय त्यात?" तिला काय सांगू.

आम्ही आता प्रितमकडे असतो. तो हिंजवडीला कामाला आहे. सकाळी कंपनीची कॅब येते, ती वाकडच्या पुढे अडकते, आणि तो आईला फोन करून सांगतो की अडकलो. घर अकराव्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये मी अजून एकटा जात नाही, कुणीतरी येईपर्यंत खाली उभा राहतो. बाल्कनीत कठड्यापासून दोन हात लांब बसतो. गॅसचं बटण दिवसातून पाच वेळा बघतो, त्यावरून सुनेशी रोज वाजतं. दिपाली म्हणते, "बाबा, तुम्ही बटण बघायला जाता आणि हात लागून तेच चालू होतं." एकदा झालं होतं तसं.

हे सगळं लिहिताना मला पुस्तकातल्या आपल्या बाईंची आठवण येते. त्या तीन हजार फुटांवर विमानाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढायच्या, आणि त्यांच्या नावाने शपथ घेणारा मी कठड्याला घाबरतो.

आठवतंय ना पुस्तक? आकुर्डी स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून तू आणलं होतंस. कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत, शेवटची नाहीत. वत्सला टिपणीस हे नाव मधल्या एका फोटोखाली होतं, म्हणून कळलं तरी. कंपनीच्या गेटबाहेर कडुनिंबाखाली जेवणाच्या सुट्टीत तू वाचायचास, कारण तू सातवी शिकलेला. मी पान उलटण्यासाठी एक हात साबणाने धुऊन ठेवायचो. एक बाई, एक इंजिन, आणि अरबस्तानच्या किनाऱ्याने थेट आफ्रिकेपर्यंत एकटी. वाळूत उतरली, टायर फाटला, तर त्यात गोधडी भरून पुन्हा उडाली. तू पुस्तक मांडीवर टाकून म्हणाला होतास, "सयाजी, ही बाई गोधडी भरून समुद्र ओलांडते, अन् आपण कंत्राटाची नोकरी सोडायला भितो. लाज वाटत नाही का आपल्याला?"

मी म्हणालो, "वाटते. पण भीती जास्त वाटते."

तरी सोडली. खंडोबा माळाजवळ अर्जुनरावांचा गाळा घेतला. बावीस वर्षं दुचाक्यांचं गॅरेज चालवलं. बाई नसत्या तर मी आजही कुठल्या तरी लाइनवर उभा राहून म्हातारा झालो असतो.

आता मुद्दा. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक कपाट आहे. घरात नकोशी पुस्तकं लोक तिथे ठेवतात, ज्याला हवं तो नेतो. दसऱ्याच्या आधी मी सहज बघत होतो, तर निळ्या कव्हरचं एक पुस्तक, आणि कव्हरवर बाई. तोच फोटो, चष्मा कपाळावर चढवलेला. पूर्ण पुस्तक, लालभाई. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. नाव आहे 'खाली दिसलेली माणसं'. तू म्हणायचास नाव 'आकाशाची राणी' असणार. हरलास.

शेवटचं प्रकरण मी वाचलं. आपल्या पुस्तकात बाई ज्वारीच्या रानात उतरतात, काचेवर सगळं तेल उडालेलं, आणि फ्लाइंग क्लबवाले पास्कल मेकॅनिकला काढून टाकतात, तिथेच पानं संपायची. पुढे काय झालं असेल यावर आपण किती वर्षं भांडलो. ते पुढचं मी वाचलंय. काय आहे ते पुढच्या पत्रात लिहितो. आधी तुझी पोच येऊ दे.

अर्जुनरावांची तनुजा बरी आहे. चाकणला मोठ्या कंपनीत आहे म्हणे. पाय तेव्हाच जुळला, चालताना काही कळत नाही. हे तुला आधीच कळवायला हवं होतं.

कार्डात तू एकच गोष्ट विचारली होतीस. मला ती तोंडपाठ आहे. "सयाजी, तनुजाच्या गाडीचं पुढचं चाक मी बसवलं का? मला काही केल्या आठवत नाही. तू तिथं होतास."

त्याचं उत्तर मी देणार आहे. आज कागद संपत आला. मागची बाजू कोरी आहे, पण आज नाही.

तुझा,
सयाजी


रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय लालभाई,

शुक्रवारी पोचपावती आली. त्यावर तुझी सही. 'लाल' लिहून झाल्यावर शेवटच्या अक्षराला खाली ओढलेलं तेच शेपूट, जणू पुढे अजून काही लिहायचं राहिलंय. पोस्टमन म्हणाला, "आजोबा, कार्ड उलटं धरलंय." मी सही कुठूनही ओळखली असती.

तू आहेस. माझ्या छातीवरचं एक ओझं तिथेच उतरलं. कौशल्याने विचारलं, "काय हो, कुणाचं काय?" मी म्हणालो, "शिरा कर." ती म्हणाली, "साखर बंद केलीय डॉक्टरांनी." मी म्हणालो, "मग तू खा." तिने केला, आणि दोन घास मलाही दिले.

आता शेवटचं प्रकरण. बाईंनी लिहिलंय तसं सांगतो, माझ्या शब्दांत.

त्या दिवशी पास्कलने इंजिनात तेल भरून झाकण घट्ट लावलं होतं. पण बाईंचा दुसऱ्याच्या हातावर कधी विश्वास बसला नाही. उडायच्या आधी त्यांनी झाकण पुन्हा उघडून आत पाहिलं. तेवढ्यात पेपरवाल्यांनी फोटोसाठी हाक मारली. झाकण नुसतं वर टेकवलं आणि त्या हसत फोटोला उभ्या राहिल्या. मग बसल्या आणि उडाल्या. खाली उतरल्यावर, ज्वारीत उभं राहूनच, त्यांच्या लक्षात आलं होतं. चौकशी झाली तेव्हा त्या बोलल्या नाहीत. पास्कल गेला.

त्यांनी लिहिलंय, विमान उतरवताना मला धीर लागला नाही, तिथे हात आपोआप चालतात. धीर लागायचा होता तो जमिनीवर, चार माणसांसमोर, आणि तिथे मी कमी पडले.

चौदा वर्षांनी त्या पास्कलचं घर शोधत वसईला गेल्या. तो दोन वर्षांपूर्वीच वारला होता. त्याची बायको दारात आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "मरेपर्यंत तो झाकणं तपासत होता, बाई. तेलाच्या बाटलीचं, माठाचं, औषधाच्या डबीचं."

त्या ओळीपाशी मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी उघडलं, पुन्हा तीच ओळ आली. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे उदगीरचा एक वॉचमन होता. त्याला तुझं नाव सांगितलं तर म्हणाला, "लालचाचा ना? जावयाच्या कापडाच्या दुकानात बसतात. सायकलची चेन पडली तरी हात लावत नाहीत, दुसऱ्याला हाक मारतात. एवढे मोठे मिस्त्री होते म्हणे, पण पाना धरत नाहीत." तो सहज बोलून गेला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कौशल्याला सांगितलं, पित्त झालंय.

लालभाई, ते चाक तू बसवलं नव्हतंस. मी बसवलं होतं.

दसऱ्याच्या आधीचा शुक्रवार. पूजेसाठी गाड्या चकाचक हव्यात म्हणून सगळ्या आकुर्डीने त्याच दोन दिवसांत गाड्या आणून टाकलेल्या. पुढची चाकं तुझी, इंजिन आणि मागची चाकं माझी, हा आपला नेम. तू नमाजाला गेलास. जाताना म्हणालास, "तीन चाकं राहिलीत, आल्यावर करतो." मला वाटलं, तेवढी मदत करावी. तिन्ही चाकं मी चढवली, नट हाताने फिरवून बसवले. पाना घेणार, तर रंगाच्या बाटलीकडे लक्ष गेलं. झाकण तुटलेली ती पिवळी बाटली. रंग वरून वाळायला लागला होता. कंपनीतून मीच तो नेम आणला होता आणि मीच तुला शिकवला होता, आधी नट आवळायचा, मग नटावरून एक्सलवर रेघ मारायची. रेघ दिसली म्हणजे हात लागलाय. पुन्हा बघायचं कारण नाही. त्या दिवशी मी म्हटलं, रंग वाळायच्या आत तिन्ही रेघा मारून घेऊ, मग पाना फिरवू.

रेघा मारल्या. दोन नट आवळले. तिसऱ्याला वळलो आणि अर्जुनरावांनी बाहेरून हाक मारली, पूजेच्या नारळाचं काही विचारायला. परत आलो. तिन्हीवर रेघ होती. मी बाटली उचलून फळीवर ठेवली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तनुजा कॉलेजला जाताना निगडीच्या उतारावर तिच्या स्कूटीचं पुढचं चाक निसटलं आणि तिचा पाय मोडला. अर्जुनराव गाडी टेम्पोत घालून घेऊन आले. एक्सलवर अर्धी रेघ तशीच. त्यांनी विचारलं, "पुढचं चाक कुनी केलं?" तू म्हणालास, "पुढची चाकं मीच करतो." आणि माझ्याकडे बघितलंस. दोष देण्यासाठी नाही, तुला आठवत नव्हतं म्हणून. त्या दिवशी तू आठ-नऊ चाकं केली होतीस. मी चहाच्या किटलीकडे बघत राहिलो.

मला त्याच क्षणी सगळं आठवलं होतं. हातात ब्रश, आणि नारळाची हाक.

चौकात लोक म्हणाले, नमाजाच्या घाईत केलं असेल, त्यांचं असंच असतं. मी ऐकलं. ते चाक चढत होतं तेव्हा तू मशिदीत होतास, हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि तो किटलीकडे बघत होता. अर्जुनरावांनी तुझ्या हातातून गाळ्याची किल्ली घेतली. मी गाळा पुढे पाच वर्षं एकट्याने चालवला. बाईंचं पुस्तक तू बरोबर नेलंस. बरं केलंस. मला उघडता आलं नसतं.

तुझे हात स्वच्छ आहेत, लालभाई. ग्रीस सोडून त्यांना कधी काही लागलं नाही. मला शिव्या दे, पण पाना धर.

खाली प्रितमचा फोन नंबर लिहिलाय. हे पत्रही रजिस्टर करतोय.

सयाजी


मंगळवार, १७ डिसेंबर २०२४

प्रिय लालभाई,

या वेळच्या पोचपावतीवर तुझी सही नाही. 'निलोफर' असं लिहिलंय, ठळक अक्षरात. म्हणजे तू घरी नव्हतास, लेकीने घेतलं, एवढंच असेल. की तू घेतलं नाहीस? की आजारी आहेस? निलोफरने वाचून तुला दिलंच नाही, असं तर नसेल? तिला हक्क आहे. आकुर्डी सोडताना ती कॉलेजात होती, तिचं वर्ष गेलं असेल.

तीन आठवडे मी प्रितमचा फोन वाजला की त्याच्या तोंडाकडे बघतो. काल तो वैतागून म्हणाला, "बाबा, कंपनीचा फोन आहे. उदगीरहून आला तर ओरडून सांगेन, झालं?"

मला एक कळलं. मी तुला लिहिलं, पण तुला लिहिणं सोपं होतं. तू लांब आहेस. बाई चार माणसांसमोर कमी पडल्या होत्या. माझी चार माणसं आकुर्डीत आहेत. संक्रांतीला तनुजा माहेरी येते. मी जाणार आहे.

हे पत्र साधंच टाकतोय. पावतीची वाट बघायची ताकद नाही.

सयाजी


रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय लालभाई,

जाऊन आलो. मी ठीक आहे. खरं सांगायचं तर अकरा वर्षांत इतका ठीक नव्हतो.

कौशल्याला आधी सांगावं लागलं. बसमध्ये सांगितलं, म्हणजे ती ओरडणार नाही. ती चिंचवडपर्यंत तिकिटाची घडी घालत, उलगडत राहिली. मग म्हणाली, "दर दसऱ्याला तुमचं पोट बिघडायचं. मी ओव्याचा काढा देत होते." आणि खिडकीबाहेर बघत बसली. उतरताना माझा हात धरला.

अर्जुनरावांचं घर तेच आहे, वर एक मजला चढलाय. ते ओट्यावर बसले होते. "या सयाजीराव! वाट चुकला काय?" तनुजा बाहेर आली. तिला आता एक मुलगी आहे. मी पायाकडे बघत होतो, ते तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "काका, दोन्ही आहेत. मोजून घ्या."

कौशल्याला तिळगूळ दिला, मला द्यायला लागली. मी म्हणालो, "आधी ऐक, मग दे." आणि सांगितलं. तुला लिहिलं होतं तसंच, बाटली, रेघ, नारळ. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर उठून आलो असतो.

अर्जुनरावांनी हातातला तिळगूळ ताटलीत परत ठेवला. मग म्हणाले, "मी त्या मानसाच्या हातातून किल्ली वढून घेतली व्हती. तू शेजारी हुभा व्हतास."

"व्हय," मी म्हणालो.

"तवा का न्हाई बोल्लास?"

"भ्यालो."

"कुनाला?"

"तुम्हाला."

"मला?" ते उठले. मला वाटलं, मारतात. मारलं असतं तरी चाललं असतं. ते आत गेले आणि आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

तनुजा तिथेच बसून होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला मान वर करवेना. मग ती म्हणाली, "काका, मी चाकणला काय काम करते माहितीये? क्वालिटीत आहे. दिवसभर नटांवरच्या रेघा तपासते."

मला वाटलं, ही चेष्टा करतेय.

"आमच्याकडे नट आवळणारा वेगळा आणि रेघ मारणारा वेगळा. एका माणसाच्या हातात दोन्ही देतच नाहीत. का, सांगा. कारण एकाच माणसाकडे असलं की तो कधी ना कधी आधी रेघ मारून ठेवतो. घाई असते, रंग वाळत असतो. तुमच्यासारखे मी किती पकडलेत. तुमची चूक एवढी कॉमन आहे, काका, की तिच्यासाठी अख्खा नियम केलाय."

मी म्हणालो, "म्हणजे मी काही केलंच नाही म्हणतेस?"

"असं कुठं म्हणतेय? नट राहिला ती चूक. पाय माझा होता, मी ती सोडते. पण गप्प बसलात ती चूक नव्हती, ते तुम्ही केलंत. आणि ते माझ्याशी केलं नाहीत. मी काय माफ करू? ते लालचाचांनी बघायचं." मग म्हणाली, "मी दवाखान्यात होते ना, तेव्हा चाचा रोज संध्याकाळी खाली यायचे. पप्पा वर येऊ द्यायचे नाहीत. वॉर्डबॉयकडे केळी देऊन जायचे. मी केळी खायचे आणि चाचांना नावं ठेवायचे. आता मला कसं वाटत असेल?"

लालभाई, तू रोज जात होतास हे मला माहीत नव्हतं.

अर्जुनराव बाहेर आले. डोळे लाल होते. म्हणाले, "पत्ता दे त्याचा. मलाबी लिव्हायचंय. आन् तू आता जा, सयाजी. पुन्ना ये, पर आज जा."

आम्ही उठलो. फाटकापाशी तनुजा धावत आली, सरळ धावली, मी बघितलं. तिळगुळाची वडी माझ्या हातावर ठेवली. "गोड बोला नाही म्हणत," ती म्हणाली, "नुसतं बोलत जा."

घरी आलो तेव्हा लिफ्टपाशी कुणी नव्हतं. कौशल्या खाली भाजी घ्यायला थांबली होती. मी एकटाच वर आलो. आत शिरल्यावर दार बंद झालं, तेव्हा लक्षात आलं.

अर्जुनरावांचं पत्र आलं तर वाच. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे.

सयाजी


सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय लालभाई,

काल दुपारी प्रितम बाल्कनीतून ओरडला, "बाबा, उदगीर!"

मी धावलो. फोन कानाला लावला. पलीकडून आवाज आला, "सयाजीचाचा, मी निलोफर." बाई झालीय आता, आवाज तुझ्या आईसारखा झालाय. मी आधी विचारलं, "लालभाई बरे आहेत ना?" ती म्हणाली, "बरे आहेत. रागावलेत. पण बरे आहेत." मी तिथेच स्टुलावर बसलो.

तिने सगळं सांगितलं. पत्र आलं त्या दिवशी तू दवाखान्यात होतास, मोतीबिंदू काढला होता. म्हणून सही तिची. डोळ्यावर पट्टी, वाचता येईना. ती म्हणाली, मी वाचून दाखवते. तू म्हणालास, "नको. सयाजीचं अक्षर मी माझ्या डोळ्यांनी वाचीन." दोन महिने पाकीट उशाखाली ठेवलंस. इकडे मी इतक्या काळज्या केल्या, डोळ्याची तेवढी राहून गेली.

मी तिला विचारलं, "मग वाचलं का?"

"गेल्या रविवारी नवा चष्मा आला. गच्चीत बसून वाचलं. तीन वेळा वाचलं असेल. अम्मीने हाक मारली, जेवायला आले नाहीत. मी वर गेले तर म्हणाले, 'निलू, मी नव्हतो गं.' एवढंच. पुन्हा म्हणाले, 'मी नव्हतो.' मग कितीतरी वेळ रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, चाचा. तुमच्यावर मला इतका राग आला ना त्या वेळी."

मी म्हणालो, "येऊ दे. बरोबर आहे."

"आहेच बरोबर," ती म्हणाली. "पण पुढचं ऐका."

पुढचं तू मला लिहिणार नाहीस, मला माहीत आहे, म्हणून मीच तुला लिहून दाखवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माळ्यावरची पेटी काढलीस. पाने गंजले होते. ते रॉकेल मिळेना म्हणून डिझेलमध्ये भिजवलेस. निलोफरची स्कूटी अंगणात घेतलीस आणि पुढचं चाक काढलंस. काही बिघडलेलं नव्हतं. काढलंस, पुसलंस, पुन्हा चढवलंस. नट हाताने बसवलास, मग पाना लावून आवळलास, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघितलास. मग तिच्याकडे पिवळा रंग मागितलास. घरात रंग नव्हता. तर तिची नेलपॉलिश घेतलीस.

तिने फोटो पाठवलाय. प्रितमने मोठा करून दाखवला. नट, एक्सल, आणि त्यांच्यावरून ओढलेली गुलाबी रेघ. नटावरून निघून एक्सलवर गेलेली, कुठे तुटलेली नाही. रेघ सरळ आहे. कौशल्या म्हणाली, "रंग छान आहे." दिपाली म्हणाली, "बाबा, रडताय कशाला, बघा तरी नीट." मी नीटच बघत होतो. इतकं नीट आयुष्यात कधी काही बघितलं नाही.

आज सकाळी मी गॅसचं बटण एकदाच बघितलं.

निलोफर म्हणाली, तू तिला सांगितलंयस की सयाजीला लिहू नकोस, फोन करू नकोस, मीच बघतो काय करायचं ते. तिने न सांगता केला. तिला रागावू नकोस. तुला काय करायचं ते कर. माफ करायचं नसेल तर नको करू, तसं लिही, मी वाचीन. शिव्या लिहायच्या असतील तर मोठ्या अक्षरात लिही, माझाही मोतीबिंदू पिकलाय आणि मी घाबरून अजून काढलेला नाही. तुझं कसं झालं, दुखलं का, किती दिवस पट्टी असते, तेवढं मात्र कळव. तू सांगितलंस तर काढीन.

बाईंच्या पुस्तकाची शेवटची एकवीस पानं मी प्रितमकडून झेरॉक्स करवून या पाकिटात घातलीयत. तुझ्याकडच्या पुस्तकाला मागे जोडून शिवून घे. पास्कलची बायको काय बोलली त्याच्या पुढे अजून अर्धं पान आहे, ते मी तुला सांगितलं नव्हतं. तिने बाईंना आत बोलावून बसवलं, आणि पास्कलची जुनी हत्यारं दाखवली. तेवढं तू स्वतः वाच. आपण दोघांनी मिळून वाचलं असतं तर जास्त बरं झालं असतं, पान मी उलटलं असतं.

हे पत्र रजिस्टर केलंय. पावतीवर या वेळी तूच सही कर. आणि लालभाई, नुसती सही नको. चार ओळी लिही, एक लिही, पण लवकर लिही. अकरा वर्षं मी लावली, तू लावू नकोस. पोस्टमन सकाळी अकराला येतो. मी खाली गेटपाशीच असतो.

तुझा,
सयाजी